धावडशीचा मठ आणि राजपुरीची खाडी : जंजिरा मोहिमेच्या (१७३३-३६) मराठी मांडणीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासात अपयशाचे तपशीलवार लेखन फारसे झालेले नाही. पानिपत हा त्याला अपवाद होय. पानिपतावर बखरी लिहिल्या गेल्या, कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली. त्या पराभवाला मराठी मनाने शोकांतिकेचा दर्जा दिला. जंजिऱ्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. शिवछत्रपतींच्या काळापासून या पाणकोटावर वारंवार चढाया झाल्या. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगडांची भर घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचा प्रयत्न केला. पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १७३३ मध्ये सातारच्या दरबाराने पेशवे, प्रतिनिधी आणि आंग्रे अशी तिन्ही बळे एकत्र करून मोहीम काढली. तरीही किल्ला पडला नाही. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दीकडेच राहिला.

या सर्व प्रयत्नांत १७३३ ची मोहीम एका कारणाने निराळी ठरते. तिच्यामागे राजकीय वैर होते, तसेच एका देवस्थानाच्या विध्वंसाचे दुःखही होते. ते दुःख राज्यकर्त्यांना क्षणभरही विसरू न देणारा एक संन्यासी सातारपासून हाकेच्या अंतरावर, धावडशी येथे मठ करून राहिला होता. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांच्या पत्रव्यवहारामुळे ही मोहीम मराठी वाचकांपर्यंत पोहोचली आणि त्याच पत्रव्यवहारामुळे तिच्या अपयशाचा विचार एका ठरावीक वळणाने होत गेला. प्रस्तुत लेखाचा विषय मोहीम हा नसून ते वळण हा आहे. द. ब. पारसनीस आणि वि. का. राजवाडे या दोन थोर संशोधकांनी स्वामींविषयी परस्परविरुद्ध मते मांडली. मात्र दोघांचीही दृष्टी धावडशीच्या मठावर खिळलेली राहिली आणि राजपुरीची खाडी पार्श्वभूमीला गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोहिमेचा वृत्तान्त

ब्रह्मेंद्रस्वामी मूळचे वऱ्हाडातील विष्णुपंत भागवत. तीर्थाटन करीत ते कोकणात आले आणि चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री स्थिरावले. बाळाजी विश्वनाथांपासून पेशवे घराणे त्यांचे शिष्य झाले. कान्होजी आंग्रे त्यांना मानीत. विशेष म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीनेही त्यांचा मान राखला. परशुरामाच्या देवस्थानाला पेढे व आंबडस ही गावे सिद्दीकडूनच मिळालेली होती. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

बिघाडाचे निमित्त ठरला एक हत्ती. अंजनवेल व गोवळकोट ही ठाणी सिद्दी सात याच्या ताब्यात होती. त्याच्यासाठी सावनूरच्या नबाबाकडून स्वामींच्या मध्यस्थीने एक हत्ती मिळाला. तो कोकणात उतरत असताना आंग्र्यांच्या माणसांनी अडवून नेला. स्वामींनी आंग्र्यांशी संगनमत केले असा सिद्दी साताचा ग्रह झाला आणि १७२७ च्या महाशिवरात्रीस त्याने परशुरामाचे देवालय लुटून उद्ध्वस्त केले. तेथील ब्राह्मणांचे हाल केले. पुढे कान्होजींनी हत्ती परत केला आणि जंजिऱ्याच्या सिद्दीनेही लुटीतील ऐवज परत करण्याची भाषा केली. पण स्वामींनी कोकण सोडले. शाहू महाराजांनी त्यांना धावडशी गाव दिले. तेथे भार्गवरामाचे मंदिर उभे राहिले आणि पुढील अठरा वर्षे छत्रपती, पेशवे, आंग्रे व त्यांच्या घरच्या स्त्रिया यांच्याशी स्वामींचा पत्रव्यवहार तेथूनच चालला.

त्यानंतरच्या काही वर्षांत परिस्थिती बदलली. १७२९ मध्ये कान्होजी वारले व सेखोजी आंग्रे सरखेल झाले. एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील सीमा ठरली. आज सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहणाऱ्या त्या नदीने शाहू महाराजांना दक्षिणेच्या चिंतेतून बरेच मोकळे केले. तेव्हाच कोकणात मोठे सैन्य उतरवण्याचा विचार शक्य झाला. तशात जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान मरण पावला आणि त्याच्या घरात वारसाहक्काचा रक्तपात सुरू झाला. थोरल्या मुलाचा खून झाला. त्या मुलाचा पुत्र अब्दुल रहमान याला मराठ्यांनी पाठिंबा दिला. सिद्दीच्या आरमारातील वजनदार अधिकारी शेखजी, हा मूळचा कोकणच्या कोळी घराण्यातला, त्यालाही बाजीरावांनी आपल्याकडे वळवले.

मे १७३३ मध्ये बाजीराव व फत्तेसिंह भोसले राजपुरीवर येऊन थडकले. किनाऱ्यावरील ठाणी व सिद्दीची काही जहाजे झटपट हाती आली. पण किल्ला पाण्यात होता. ८ जून १७३३ रोजी प्रतिनिधी श्रीपतराव यांनी रायगड घेतला. १६८९ पासून शत्रूकडे असलेली शिवछत्रपतींची राजधानी परत आली, ही या मोहिमेची सर्वांत मोठी कमाई होय. मात्र रायगडच्या शिबंदीशी बाजीरावांचीही बोलणी चालू होती. तेव्हा या विजयाने पेशवे-प्रतिनिधी यांच्यातील दुरावा मिटण्याऐवजी वाढला. ऑगस्ट अखेरीस सेखोजी आंग्रे कुलाब्यास मरण पावले. मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला धान्य, दारूगोळा व जहाजांचे साहाय्य दिले आणि डिसेंबर १७३३ मध्ये त्याच्याशी उघड करार केला. त्याच सुमारास बाजीराव तह करून माघारी फिरले. गोवळकोट व अंजनवेल यांपुढे प्रतिनिधींचे काही चालले नाही. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजी अप्पांनी सिद्दी सातास लढाईत ठार केले आणि त्याच वर्षी अब्दुल रहमानाशी तह होऊन महालांचे उत्पन्न वाटून घेण्याचे ठरले. देवालय फोडणारा मारला गेला, काही मुलूख मिळाला, आणि जंजिरा जिथल्या तिथे राहिला.

चरित्रकार आणि टीकाकार

पारसनीस (१८७०-१९२६) हे सातारचे. जुनी कागदपत्रे, चित्रे, वस्तू मिळवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. त्यांनी साताऱ्यास उभे केलेले संग्रहालय हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी वाचकाला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोठ्या माणसांचे खासगी बोलणे प्रथमच इतके जवळून ऐकायला मिळाले. पारसनीसांच्या चरित्रात स्वामी हे राजकारणाचे अध्यात्मिक सूत्रधार म्हणून उभे राहतात. रामदास-शिवाजी हा गुरुशिष्यसंबंध तेव्हाच्या महाराष्ट्रात विचारांचा साचाच बनला होता. त्या साच्यात ब्रह्मेंद्रस्वामी व बाजीराव ही जोडी बसवण्याचा मोह चरित्रकाराला आवरला नाही. चरित्रनायकाविषयी भक्तिभाव असणे हा दोष नव्हे. तथापि भक्तिभावामुळे कार्यकारणाची साखळी सोपी होते. स्वामींची प्रेरणा, शिष्यांचा पराक्रम, सिद्दी साताचा वध, अशी ती साखळी आहे. जंजिरा न पडल्याचे कोडे तिच्या बाहेर राहते.

राजवाड्यांनी (१८६३-१९२६) ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत या चित्रावर कठोर प्रहार केले. त्यांची प्रस्तावना आजही वाचनीय आहे. मराठी टीकालेखनात इतकी धारदार, इतकी निःशंक गद्यशैली क्वचितच आढळते. रामदासांशी स्वामींची तुलना त्यांनी साफ नाकारली. स्वामींचा सावकारी व्यवहार, शिष्यांकडे होणाऱ्या मागण्या, पेशव्यांच्या डोक्यावरील कर्ज यांकडे त्यांनी बोट दाखवले. बाजीराव कर्जात बुडालेले होते आणि त्यांच्या धनकोंत त्यांचे गुरूही होते, हे पत्रांतून उघड दिसते. राजवाड्यांच्या टीकेने स्वामींभोवतीचे वलय फिके झाले, हे त्यांचे मोठे काम आहे. दोघेही संशोधक १९२६ या एकाच वर्षी निधन पावले, पण हा वाद त्यांच्या मागे उरला. अजूनही धावडशीविषयी कोणी लिहू लागले की लेखकाला प्रथम आपण पारसनीसांच्या बाजूचे की राजवाड्यांच्या हे सांगावे लागते.

अडचण अशी की, स्वामी संत होते की सावकार या प्रश्नाचे कोणतेही उत्तर स्वीकारले तरी १७३३ चा जंजिरा त्याने उलगडत नाही. स्वामी संत असते म्हणून खाडीतील भरती-ओहोटी थांबली नसती, आणि ते सावकार होते म्हणून तोफांचा पल्लाही कमी झाला नाही. वाद चारित्र्याचा झाला आणि अपयशाची मीमांसा चारित्र्याच्या मीमांसेत विरून गेली. येथे राजवाड्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. ते स्वतः समाजाच्या बलाबलाचा, यंत्रांचा, शस्त्रविद्येचा विचार करणारे इतिहासकार होते. शस्त्रांच्या प्रश्नावर मराठ्यांच्या उणिवा त्यांनी इतरत्र दाखवल्या आहेत. ती दृष्टी या प्रकरणी पूर्णपणे वापरली गेली असती, तर कदाचित तिसऱ्या खंडाचा वाचक मठातून बाहेर पडून किनाऱ्यापर्यंत गेला असता. प्रतिपक्षाचे खंडन करताना टीकाकार प्रतिपक्षाच्याच प्रश्नात अडकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

गो. स. सरदेसाई यांची मांडणी या दोघांपेक्षा समतोल आहे. रियासतीत व पुढे त्यांच्या इंग्रजी इतिहासात त्यांनी दरबारातील बेबनावाला योग्य महत्त्व दिले. बाजीरावांचे मन या मोहिमेत पुरते नव्हते आणि शाहू महाराज सरदारांना एका आज्ञेखाली आणू शकले नाहीत, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते. तरीही सरदेसाई हे मूलतः व्यक्तींचे इतिहासकार. त्यामुळे बेबनाव हा त्यांच्याकडे स्वभावांचा संघर्ष होतो, लष्करी रचनेचा प्रश्न होत नाही.

गुरूला लिहिलेल्या पत्राचा घाट

साहित्याच्या अभ्यासकाने या पत्रव्यवहाराकडे पाहिले, तर पहिला प्रश्न पत्राच्या प्रकाराचा पडतो. इतिहासकार पत्राला साधन मानतो आणि त्यातून माहिती वेचतो. परंतु शिष्याने गुरूला लिहिलेले पत्र हा स्वतःचे नियम असलेला लेखनप्रकार आहे. त्यात मायना ठरलेला असतो, नम्रता ठरलेली असते. यश लाभले तर ते स्वामींच्या आशीर्वादाने लाभले, असे लिहावेच लागते. अपयश आले तर ते आशीर्वादाच्या अभावाने आले, असे कधीच लिहिता येत नाही. मग त्याचे कारण दुसऱ्या कोणा सरदाराच्या गाफिलीत, कर्जाच्या ओझ्यात, किंवा स्वतःच्या दैवात शोधावे लागते. म्हणजे ज्या पत्रसंग्रहावरून आपण मोहिमेच्या अपयशाची कारणे शोधतो, त्या पत्रांचा घाटच अपयशाचे कारण माणसात शोधायला लावणारा आहे. बाजीराव प्रतिनिधींना दोष देतात, आंग्र्यांची पत्रे आपल्या अडचणी सांगतात आणि स्वामी सर्वांनाच बोल लावतात. पारसनीस व राजवाडे या दोघांनीही हा दोषारोपांचा सूर कागदातून उचलला. एकाने तो शिष्यांच्या निष्ठेच्या मापाने मोजला आणि दुसऱ्याने गुरूच्या लोभाच्या मापाने.

याच घाटामुळे धर्माची भाषाही या पत्रांत ठळक दिसते. समकालीन पत्रव्यवहारात सिद्दी साताला रावणाची उपमा दिलेली आढळते. ही उपमा वाचून आजचा वाचक मोहिमेला सरळसरळ धर्मयुद्ध समजतो. पण रावण एक असतो आणि बिभीषणही असतो, हे त्या काळच्या पत्रलेखकाला आजच्या वाचकापेक्षा अधिक चांगले माहीत होते. मोहीम ज्या अब्दुल रहमानाला गादीवर बसवण्याच्या नावाने निघाली, तो सिद्दीच होता. शेखजीच्या मदतीशिवाय सुरुवातीची कामगिरी झालीच नसती. परशुरामाला गावे देणारा सिद्दी आणि देवालय फोडणारा सिद्दी हे एकाच सत्तेचे दोन अंमलदार होते, आणि त्यांच्यात वितुष्ट होते. धर्माच्या अपमानाने सातारच्या दरबाराला चीड आणली, पैसा आणि माणूस उभा करण्याची सबब दिली, हे निर्विवाद. परशुरामाच्या ब्राह्मणांनी सोसलेले हाल खरे होते आणि त्यांचे गांभीर्य कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र युद्ध कोणाशी करायचे हे ठरवताना दरबार धर्माच्या रेषेवर चाललेला दिसत नाही. रेषा धर्माची होती ती पत्राच्या पृष्ठभागावर.

ही बाब आपल्या परिसरात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. धावडशीची यात्रा, परशुरामाची कथा आणि सिद्दी साताचा वध हे सातारा भागातील लोकस्मृतीत एकाच ओळीत सांगितले जातात. त्या कथेत पेढे व आंबडस या गावांचा उल्लेख क्वचितच येतो. महाविद्यालयीन पातळीवर हा विषय शिकवताना तो उल्लेख वगळला, तर विद्यार्थ्यापुढे उरते ती केवळ सूडकथा.

खाडी, पावसाळा आणि तीन सेनापती

आता मठाबाहेर पडून किनाऱ्याकडे येऊ. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी एका खडकाळ बेटावर जंजिरा आहे. त्याचा तट थेट पाण्यातून वर येतो. शत्रूने पाय टेकवावा अशी पुळण तटाखाली नाही. आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत, त्यामुळे तहानेने किल्ला शरण येण्याची शक्यता नाही. अशा दुर्गाला जेरीस आणायचे तर एकच मार्ग उरतो. समुद्राकडील बाजू बारमाही रोखून धरायची आणि धान्य व बारूद आत जाऊ द्यायची नाही. त्यासाठी घोडदळ निरुपयोगी आहे. गुराबा, गलबते, त्यांवरील तोफा आणि हे सर्व चालवणारे कोळी-भंडारी खलाशी हवेत. हे बळ मराठी राज्यात एकट्या आंग्र्यांकडे होते.

आणि मोहीम सुरू झाली मे महिन्यात! कोकणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही तांडेलाला विचारले असते, तर त्याने सांगितले असते की वैशाख सरता सरता जहाजे खाडीत ओढून घ्यायची असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असतो. बाजीरावांच्या हाती आरमारी कारवाईसाठी जेमतेम महिना होता. सिद्दीच्या घरातील भांडणाचा लाभ घ्यायचा तर थांबता येत नव्हते, हे खरे. पण स्थलयुद्धात जी चपळाई बाजीरावांना यश देत आली, तीच येथे अंगाशी आली. घोड्यांचा वेग ऋतूच्या पुढे धावू शकतो, गलबतांचा नाही. पावसाळा संपून समुद्र मोकळा होण्याच्या सुमारास सेखोजी निवर्तले. त्यांच्या मागे भावांत फूट पडली आणि १७३५ मध्ये मानाजी कुलाब्यास व संभाजी विजयदुर्गास अशी आरमाराची वाटणी झाली. जंजिऱ्याला वेढा घालू शकणारे एकमेव साधन अशा रीतीने मोहीम चालू असतानाच दुभंगले.

दुसरी अडचण सेनापतित्वाची. पेशवे, प्रतिनिधी व सरखेल हे तिघेही छत्रपतींचे थेट सेवक होते. त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या हुकमाखाली नव्हता. तिघांना आज्ञा देणारी व्यक्ती साताऱ्यास होती आणि तिची पत्रे घाट उतरून जाईपर्यंत किनाऱ्यावरील परिस्थिती पालटलेली असे. रायगडच्या प्रकरणात जे घडले ते श्रीपतरावांच्या हेकटपणाचे फळ म्हणून सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. परंतु स्वतंत्र अधिकार असलेल्या दोन सरदारांनी एकाच किल्ल्याशी स्वतंत्र बोलणी करणे हे त्या राज्यरचनेत स्वाभाविकच होते. दोष द्यायचाच तर त्या रचनेला द्यावा लागेल.

या संदर्भात युरोपातील एका प्रसिद्ध अपयशाची आठवण होते. १५८८ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने प्रॉटेस्टंट इंग्लंडवर सुमारे १३० जहाजांचे आरमार पाठवले. पोप पाचवा सिक्स्टस याने सैन्य इंग्लंडच्या भूमीवर उतरल्यास द्रव्यसाहाय्याचे वचन दिले होते. धर्म आणि राजकीय स्पर्धा येथेही एकमेकांत गुंतलेली होती. आरमाराने फ्लँडर्समधील पार्माच्या सैन्याला बरोबर घेऊन खाडी ओलांडायची असा बेत होता. पण सैन्य एकीकडे, जहाजे दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारे उथळ पाणी डचांच्या ताब्यात, अशी स्थिती झाली. कॅलेजवळ इंग्रजांनी जळती जहाजे सोडली, आरमार विस्कळीत झाले, आणि परतीच्या वाटेवर वादळांनी त्याची वाताहत केली. विजयी पक्षाने वारा ईश्वराने सोडला असे दर्शवणारी पदके पाडली. युरोपच्या इतिहासकारांना त्या पदकाच्या मागे जाऊन फ्लँडर्सच्या उथळ किनाऱ्यापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. स्पेनचे आरमार प्रचंड होते आणि १७३३ मधील आंग्र्यांचे त्या मानाने लहान, ही तफावत विसरून चालणार नाही. साम्य आहे ते एवढ्यापुरतेच की, दोन्ही ठिकाणी भूसेना व आरमार यांचा सांधा जुळला नाही आणि दोन्ही ठिकाणी नंतरच्या लेखनाने त्या सांध्याकडे पाहण्याऐवजी देवाच्या कृपेकडे किंवा अवकृपेकडे पाहिले.

वसईचा पुरावा

आपल्याच इतिहासात याची पडताळणी करण्यासाठी एक उदाहरण हाताशी आहे. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली आणि मे १७३९ मध्ये वसई घेतली. धर्मच्छळाची तक्रार येथेही होती, किंबहुना अधिक व्यापक होती. स्वामी तेच, धावडशी तीच, कर्जबाजारी पेशवे घराणेही तेच. वसईच्या विजयाचे वृत्त चिमाजींनी स्वामींना कळवले, तेही त्याच भक्तिपूर्ण भाषेत. मग एक मोहीम फसली आणि दुसरी यशस्वी झाली, याचे कारण स्वामींच्या चारित्र्यात किंवा शिष्यांच्या निष्ठेत कसे शोधता येईल? वसईच्या कोटाला जमिनीकडून भिडता येत होते. तेथे सुरुंग लावता आले, मोर्चे पुढे सरकवता आले, पावसाळ्यानंतर वेढा पुन्हा आवळता आला. सेनापती एकच होता. इंग्रजांनी पोर्तुगीजांना सिद्दीइतकी मनापासून मदतही केली नाही. पारसनीसांची प्रेरणेची उपपत्ती वसईला लागू पडते, पण जंजिऱ्याला पडत नाही. राजवाड्यांची लोभाची उपपत्ती जंजिऱ्याला लावता येते, पण वसईपुढे ती निरुत्तर होते. जी कारणे दोन्ही मोहिमांत समान होती, त्यांनी दोहोंमधील फरक स्पष्ट होऊ शकत नाही, इतका हा साधा तर्क आहे. तो या वादात कोणी मांडला नसेल असे नाही. मात्र त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले नाही, हे निश्चित.

खरे यांचा मार्ग

येथे मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरणार नाही. खरेशास्त्री (१८५८-१९२४) मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पटवर्धन घराण्याच्या दफ्तरांतून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. त्यांचा काळ प्रामुख्याने उत्तर पेशवाईचा आणि जंजिऱ्याशी त्यांचा थेट संबंध नाही. पण त्यांची पद्धत येथे उपयोगी आहे. ते पत्रे तारीखवार लावतात, मधले दुवे स्वतःच्या संयत निवेदनाने जोडतात आणि पत्रलेखकाच्या शीलाचा निवाडा करण्याची घाई करीत नाहीत. वाचकाला त्यामुळे घटनांचा क्रम आणि त्या क्रमातील ऋतू, अंतरे, रसद, पगाराची थकबाकी हे सारे दिसत राहते. खरेशास्त्री स्वतः नाटककार होते, तरीही कागदपत्रांत त्यांनी नाट्य शोधले नाही, हे विशेष.

ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार या पद्धतीने पुन्हा लावण्याची गरज आहे. त्यातील मोहिमेशी संबंधित पत्रे वेगळी काढून तिथीवार मांडावीत. त्यांच्या शेजारी पेशवे दफ्तरातील कागद आणि मुंबईकर इंग्रजांच्या नोंदी ठेवाव्यात. एका रकान्यात चांद्रमास व पाऊस, दुसऱ्यात जहाजांची हालचाल असावी. असे केल्यास धावडशीहून निघालेली कोणती आज्ञा किनाऱ्यावर पोहोचली तेव्हा ती पाळणे शक्य होते आणि कोणती आधीच शिळी झाली होती, हे तपासता येईल. सातारा व सांगली परिसरातील महाविद्यालयांत मराठी आणि इतिहास या विभागांनी मिळून हाती घ्यावे असे हे काम आहे. मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत असताना ते आणखी लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

अशा मांडणीत आणखी एक घटना आपल्या जागी येऊन बसेल. ज्या अंजनवेलीपुढे १७३३-३४ मध्ये प्रतिनिधींचे सैन्य थकले, ती अंजनवेल जानेवारी १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी आरमाराच्या बळावर घेतली. त्याच वर्षी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीस समाधिस्थ झाले. स्वामींचे चरित्र तेथे संपते आणि त्यामुळे पारसनीस-राजवाडे वादाची कक्षाही तेथेच संपते. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजींवर चाल केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्या जहाजांची मोजदाद जंजिऱ्याच्या अपयशाच्या खात्यात अजून कोणी मांडलेली नाही.